सहीपुरते ट्रस्टी नकोत, मग आणायचे कुठून?

पत्र असं आहे, थोडं कापून देते:

"ताई नमस्कार. बीड जिल्ह्यात आमची छोटी संस्था आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुलं मागे राहून शाळेत जावीत म्हणून दिवाळी ते पाडवा वसतिगृह चालवतो, सध्या ६० मुलं. सात विश्वस्त होते, त्यातले दोघं वारले, एक मुलाकडे पुण्याला गेले ते आता फोनवरच. अध्यक्ष म्हणजे आमचे सर, वय ७६, संस्था त्यांनीच काढलेली. मी चार वर्षं सचिव आहे, वय ३५. एका कंपनीचे सीएसआरवाले, म्हणजे कंपनीचा सामाजिक कामाचा निधी बघणारे, मदत करायला तयार आहेत पण ते विचारतात बोर्डावर कोण कोण आहे आणि मागच्या तीन वर्षांचे मिनिट्स दाखवा. मीटिंगा झाल्यात पण लिहिलेलं फारसं नाही, आमचे हिशेब लिहिणारे म्हणतात एका बैठकीत सगळं लिहून टाकू. सर म्हणतात माझ्या पुतण्याला घे आणि गावातल्या एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टरला घे, बांधकामाला उपयोग होईल. मला पटत नाही पण सरांना दुखवायचं नाही. तरुणांना विचारलं तर एकजण म्हणाला मानधन किती. आमच्याकडे येणारं दुसरं आहे तरी कोण? रिटायर झालेल्या एक सिस्टर तेवढ्या दर गुरुवारी येतात, मुलांचं खरूज-खोकला बघतात, बाकी कोणी फिरकत नाही. मला तू म्हणा, लहान आहे मी."

बरं, तूच म्हणते.

आधी तुझ्या पत्राच्या शेवटाकडे येऊ. "एक सिस्टर तेवढ्या येतात, बाकी कोणी नाही" असं तू किती सहज लिहून टाकलंयस. अगं, दर गुरुवारी न बोलावता येणारी, पगार न मागणारी, मुलांना नावानिशी ओळखणारी, कुठल्या पोराचं वजन घटलं ते सांगू शकणारी बाई म्हणजे तुझी पहिली ट्रस्टी आहे, आणि तुम्ही तिला चहा देऊन परत पाठवताय. असं सगळीकडेच होतं म्हणा. ट्रस्टी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे फेटा, शाल, श्रीफळ आणि पत्रिकेतलं नाव येतं, हातात खरजेचं मलम घेतलेली बाई येत नाही.

मी स्वतः हे करून बसलेय म्हणून सांगते. एका संस्थेत अकरा वर्षं सचिव होते, तिथे आम्ही एका बड्या उद्योजकाला मोठ्या कौतुकाने ट्रस्टी केलं. तीन वर्षांत ते एकदा आले, तेही आपला वाढदिवस मुलांबरोबर साजरा करायला, बरोबर फोटोग्राफर. बाकी प्रत्येक मीटिंगला गणपूर्तीसाठी आम्ही त्यांच्या पीएच्या मागे लागलेलो. माणूस वाईट नव्हता हां, देणगीही दिली त्यांनी, पण देणगी द्यायला ट्रस्टी असायची गरज नसते आणि ट्रस्टीचं जे काम ते त्यांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. "तुम्हाला काही करावं लागणार नाही, फक्त नाव द्या" असं आमच्याच तोंडचं वाक्य होतं. मग त्यांनी तेवढंच दिलं! गुळाचा गणपती आपणच बसवायचा आणि मग तो हलत नाही म्हणून रडायचं.

तेव्हा एक नेम धर. ज्या माणसाने संस्थेचं काहीतरी काम वर्षभर केलंय त्यालाच पद. आधी काम मग पद, हा नियम सगळ्यांना सारखा, सरांच्या पुतण्यालाही. यातच तुझं सरांना न दुखवण्याचं उत्तर आहे, ते पुढे सांगते, आधी कागदाचं बोलू कारण तिथे तुझी जास्त अडचण आहे असं मला वाटतं.

तू लिहिलंयस सात होते, दोघं वारले. तुझ्या डोक्यात आता चार-पाच ट्रस्टी आहेत. पण चॅरिटीच्या दप्तरी किती आहेत? जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा आणि तुमच्या एफ नंबरच्या, म्हणजे तिथल्या नोंदणी क्रमांकाच्या, अनुसूची एकची ताजी नक्कल मागून घे, शेड्यूल वन म्हणतात ना, विश्वस्तांची नावं असतात ती. माझा अंदाज आहे की वारलेल्या दोघांची नावं तिथे अजून सुखाने नांदत असतील, आणि कदाचित तूही तिथे नसशील. हसू नकोस, मी असे सचिव पाहिलेत जे दहा वर्षं सह्या करतायत आणि दप्तरी त्यांचं नावच नाही, कारण निवड झाली, पेढे वाटले, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची चॅरिटीला द्यायची खबर, कोणी टाकलाच नाही किंवा टाकला तो त्रुटी काढून पडून राहिला आणि विचारायला कोणी गेलं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चा तो, जुने लोक अजून बीपीटी अ‍ॅक्टच म्हणतात, त्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये कुठलाही बदल झाला, मृत्यू असो राजीनामा असो नवीन निवड असो, तो ९० दिवसांत कळवायचा असतो, अनुसूची तीनच्या नमुन्यात. मुदत उलटली असेल तर उशीर माफीचा अर्ज जोडून टाकता येतो, त्यामुळे घाबरू नको, पण आता टाळू पण नको. मृत्यूचे दाखले आजच त्यांच्या घरच्यांकडून मागून ठेव. पुण्याच्या काकांना प्रेमाने फोन कर, "राहायचं असेल तर मीटिंगला या नाहीतर दोन ओळींचा राजीनामा पाठवा" एवढंच. बहुतेक वेळा अशी माणसं सुटल्यासारखा श्वास सोडतात, त्यांनाही सोडायचं असतं पण सरांना कसं सांगायचं हा त्यांचाही प्रश्न असतो.

मग घटना काढ. संस्थेची घटना गं, नियमावली, कपाटात कुठेतरी खाली असेल, नाहीतर चॅरिटीतून नक्कल मिळते. तिच्यात बघ की नवीन कार्यकारिणी निवडतं कोण, सर्वसाधारण सभा की उरलेलं विश्वस्त मंडळ, रिकामी जागा मधेच भरता येते का, मुदत किती वर्षांची, नोटीस किती दिवस आधी, कोरम किती. ऐकून कंटाळा येईल पण इथेच संस्था कोर्टकचेरीत अडकतात. आमच्याकडे एकदा सगळं छान झालं, चांगली माणसं निवडली, ठराव झाला, आणि एका जुन्या सभासदाने हरकत घेतली की मला नोटीसच मिळाली नाही. खरंच मिळाली नव्हती, आम्ही "ते येतच नाहीत, कशाला पाठवायची" म्हणून पाठवली नव्हती. चार वर्षं ते प्रकरण चाललं आणि चूक शंभर टक्के आमची. तेव्हा जो कधीच येत नाही त्याला आधी नोटीस, हातात देऊन सही घे किंवा स्पीड पोस्टाने आणि पावती फाईलला. व्हॉट्सअ‍ॅपवर टाक खुशाल, पण वरून.

आणि बँक. सह्या कोणाच्या आहेत खात्यावर? सर आणि वारलेल्यांपैकी एक असं काही असेल तर आजच हल. आमच्या कोषाध्यक्षांचं अचानक झालं तेव्हा दोन सह्यांचं खातं होतं, बँक म्हणाली नवीन सही घ्यायला शेड्यूल वनवर नाव दाखवा, शेड्यूल वनवर नाव यायला चेंज रिपोर्ट मंजूर हवा, त्याला वेळ, आणि इकडे स्वयंपाकाच्या मावश्यांचे तीन महिन्यांचे पगार आम्ही आपापल्या खिशातून आणि उसनवारीने भागवले. बँकेचं काही चुकलं नाही त्यात, आम्हीच तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन असं आधीच करून ठेवायला हवं होतं.

आता मिनिट्स. तुमचे हिशेब लिहिणारे म्हणतात एका बैठकीत लिहून टाकू. मला माहितीये ते कसं लिहितात, तीन वेगवेगळी पेनं घेऊन बसतात, एक निळं एक काळं, आणि मधे मधे अक्षर जरा तिरकं काढतात. करू नको. नैतिक वगैरे सोड, व्यवहाराचं बोलते, त्या लिहिलेल्या मीटिंगमध्ये वारलेल्या माणसाची हजेरी चुकून लागते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सीएसआरवाल्यांना सरळ सांग की मीटिंगा झाल्या, इतिवृत्त नीट ठेवलं नाही, ही चूक आहे, आणि या महिन्यापासून असं असं लिहितोय. जे चिठोरे असतील, डायरीतल्या नोंदी, मेसेज, हजेरीच्या सह्या, ते आहेत तसे एका फाईलला लाव. कंपन्यांचे चांगले अधिकारी एवढं ऐकून घेतात, त्यांनी गावोगावच्या संस्था पाहिलेल्या असतात. आणि नाहीच ऐकलं तर तो पैसा यंदा गेला असं समज, खोट्या प्रोसिडिंग बुकावर सचिव म्हणून सही तुझी असणार आहे, त्यांची नाही.

हां, आता माणसं.

तुला वाटतंय माणसं नाहीत. मला वाटतं तू चुकीच्या दारात उभी आहेस. कॉन्ट्रॅक्टर, पतसंस्थेचे चेअरमन, कुठल्यातरी पक्षाचे तालुकाप्रमुख, ही दारं उघडी असतात कारण त्यांना पद हवंच असतं. दुसरीकडे बघ जरा. तुझ्या वसतिगृहातून गेलेली पहिली मुलं आता पंचविशी-तिशीत असतील, कोणी एसटीत कंडक्टर, कोणी तलाठी, कोणी पुण्यात चाकणला कंपनीत, कोणी नर्सिंग केलं. त्यातल्या किती जणांचे नंबर आहेत तुझ्याकडे? ज्याने लहानपणी आईबाप कारखान्यावर असताना तुमच्या पत्र्याखाली थंडी काढली तो मीटिंगला काय विचारेल आणि बाहेरचा माणूस काय विचारेल यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एवढंच की जे सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत आहेत त्यांनी आधी आपल्या खात्याला विचारून परवानगी घ्यावी, नंतर भानगड नको.

दुसरं दार बचत गटाचं. मला हे दार फार आवडतं आणि लोक तिकडे का जात नाहीत मला कळत नाही. माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा उमेदच्या (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) गटात पंधरा पंधरा वर्षं असलेल्या बायका, गटाच्या सचिव, गावोगाव गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताया, यांना मीटिंग कशी चालवायची, ठराव कसा लिहायचा, थकलेला हप्ता न भांडता कसा वसूल करायचा, पासबुक आणि वही जुळत नसेल तर बोट कुठे ठेवायचं हे तुमच्या माझ्यापेक्षा जास्त येतं. आपण कॉर्पोरेटमधून गव्हर्नन्सवाला माणूस शोधतो आणि तो शेजारच्या गल्लीत नऊवारी नेसून बसलेला असतो.

आणि तिसरे, खरं म्हणजे पहिले, पालक. तुमच्या बोर्डावर ऊस तोडणारं एकतरी माणूस कधी होतं का गं? नसणार. सगळे म्हणतात ते तर सहा महिने फडावर असतात, मीटिंगला कसे येणार. अहो मग मीटिंगा ते गावात असताना घ्या ना! पावसाळाभर ते घरीच असतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या निघतात, म्हणजे जून ते सप्टेंबर तुमच्या हातात आहे, बजेटची सोडून वार्षिक सभा आणि बाकी मोठ्या निर्णयांच्या सगळ्या मीटिंगा तेव्हा लावता येतात, आणि हंगामात फोन आहेतच, फडावर कोपीत, त्यांच्या झोपडीत, सुद्धा आता व्हिडिओ कॉल होतो. एका संस्थेत एक आई अशी आम्ही घेतली होती, शिकलेली चौथी. पहिल्या दोन मीटिंगा गप्प. तिसऱ्या मीटिंगला नवीन गाद्यांचं कोटेशन चाललेलं, वीस मिनिटं आम्ही कापूस की फोम करत होतो, तेव्हा ती म्हणाली गादीचं राहू द्या, पोरं रात्री संडासाला जायला भितात, दिवा नाही तिकडं, म्हणून गाद्या ओल्या होतात. सगळे गप्प. दोन बल्ब लावले, बाराशे रुपयात काम झालं. त्या खोलीत एक इंजिनिअर, एक प्राध्यापक आणि मी इतकी शहाणी माणसं होतो.

कॉन्ट्रॅक्टरसाहेबांचं म्हणशील तर त्यांना ट्रस्टी करू नको, आणि कारण सरांना असं सांग की त्यांच्याचकडून बांधकाम करून घ्यायचं असेल तर ते बोर्डावर नसणंच बरं. ट्रस्टी आणि त्याच्या घरच्यांना संस्थेच्या पैशातून वाजवीपेक्षा जास्त फायदा झाला असं दिसलं तर इन्कम टॅक्सची सवलत अडचणीत येते, आणि सीएसआरवाले तर पहिलं तेच बघतात. दर अगदी रास्त लावला असला तरी तू कागदोपत्री सिद्ध करत बसणार. बाहेर राहून त्यांनी सिमेंट दिलं, मजूर दिले, पावती घे, आभार मान, २६ जानेवारीला झेंडावंदनाला बोलव. मान आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मान द्यायला चेंज रिपोर्ट लागत नाही.

सिस्टर सोडून बाकीच्यांसाठी एक सोपी वाट सांगते. लगेच ट्रस्टी करायची घाई नको, ठराव करून दोन उपसमित्या कर, एक मुलांच्या आरोग्य-जेवणाची, एक हिशेबाची. प्रत्येकीत दोन ट्रस्टी आणि तीन बाहेरचे. उपसमितीवर माणूस घ्यायला चॅरिटीत जावं लागत नाही, काढायला पण नाही, आणि वर्षभरात कळतं कोण वेळेवर येतं, कोण वाचून येतं, कोण नुसतं "तुम्ही ठरवाल ते" म्हणतं. पुतण्याला हिशेबाच्या समितीत घे. खरंच घे. सरांना सांग, सर, त्याला घेतोय, सगळ्यांसारखं एक वर्ष काम करू दे, पुढच्या सभेत नाव तुम्हीच सुचवा. कदाचित तो चांगला निघेल, पुतण्या असणं हा काही गुन्हा नाही, आणि नाही निघाला तर सहाव्या महिन्यात यायचाच बंद होईल, तुला काही बोलावंच लागणार नाही.

हे वर्षभर उमेदवारीचं काही मी नवीन काढलेलं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षं शिकाऊ म्हणून काढावी लागत, अभ्यास करायचा, देश फिरायचा. आणि गंमत बघ, १९१५ मध्ये गोखले गेल्यावर खुद्द गांधीजी त्या समाजात यायला तयार होते पण त्यांना घ्यावं की नाही यावर आतल्या सभासदांत दोन तट पडले, तेव्हा गांधींनीच आपला अर्ज मागे घेतला आणि सगळ्यांशी मैत्री शेवटपर्यंत ठेवली. म्हणजे नवीन माणूस आत घेताना जुन्यांच्या पोटात गोळा येणं हे काही तुझ्या सरांचंच नाही.

सरांबद्दल थोडं थांबून बोलते कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त तेच आहे, तू लिहिलं नसलंस तरी. ७६ वर्षांचा माणूस पुतण्याचं नाव का घेतो? घराणेशाही वगैरे शब्द सोपे आहेत. मला वाटतं त्यांना भीती आहे की मी गेल्यावर हे कोणीतरी विकून खाईल, आणि रक्ताचा माणूस असला तर निदान लाज तरी बाळगेल. ही भीती खोटी नाही गं, जमीन असलेल्या संस्थांचं काय काय झालंय आपण सगळ्यांनी बघितलंय, कुंपणानेच शेत खाल्लंय. त्यांना हे सांग की संस्थेची जमीन विकायला किंवा लांब मुदतीच्या भाड्याने द्यायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, आणि गैरकारभार केला तर कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढता येतं. कायदा अगदीच झोपलेला नाही. पण कायद्याने त्यांना रात्रीची झोप येणार नाही, ती येईल तू त्यांच्याकडून शिकलीस तर. एक वही घेऊन त्यांच्या ओट्यावर जा, चार संध्याकाळी, आणि जे फक्त त्यांनाच माहितीये ते लिहून घे, जमीन कोणी दिली, तोंडी काय शब्द दिलेला, कुठल्या मुकादमाशी कसं बोलायचं, कोणत्या गावात कोणामार्फत गेलं तर पालक मुलं ठेवतात, पाणी आटलं की टँकर कोणाला सांगायचा. नव्या माणसांच्या तयारीचं पहिलं पुस्तक तेच. आणि त्या चार संध्याकाळीत नावांची चर्चा आपोआप निघेल, तू काढायची गरज नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मात्र अजिबात काढू नको, तिथे ते अध्यक्ष असतात, ओट्यावर ते सर असतात.

विचारायचं कसं हेही शीक, कारण तू त्या तरुणाला बहुतेक "आमच्या संस्थेत या ना" असं म्हणालीस आणि त्याने मानधन विचारलं, त्यात त्याचं काय चुकलं, त्याला कळलंच नाही कशाला या. एका पानावर लिहून काढ. वर्षाला सहा मीटिंगा, तारखा आधीच ठरलेल्या. हंगामात एक रात्र वसतिगृहात मुक्काम. वर्षभरात एक काम स्वतःच्या अंगावर. पगार नाही, पण एसटीचं तिकीट आणि मीटिंगच्या दिवशीचं जेवण संस्थेकडून, घटनेत बसत असेल तर ठराव करून हे नक्की द्या, नाहीतर बोर्डावर फक्त ज्यांना परवडतं तेच येतात आणि मग आपणच म्हणतो गरिबांचा माणूस मिळत नाही. आणि शेवटी हे पण लिही की तुम्हाला सह्या करायच्या आहेत आणि सहीची जबाबदारी तुमची वैयक्तिक आहे. हे वाचून जो पळेल तो पळू दे. जो म्हणेल आधी ऑडिट रिपोर्ट दाखवा, त्याला धर! त्याचा राग येईल तुला, मलाही यायचा, पण तोच माणूस पाहिजे.

मुक्कामाचं मी उगाच म्हणत नाही. डिसेंबरात एक रात्र नव्या माणसाला मुलांबरोबर झोपू दे, सकाळी पाण्याच्या रांगेत उभं राहू दे, भाकरी कोण थापतं ते बघू दे. आणि जमलं तर एकदा कारखान्याच्या बाजूला फडावर ने, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी आणि दोघांत मिळून एक उचल, म्हणजे मुकादमाची आगाऊ रक्कम, हे कागदावर वाचणं वेगळं आणि पहाटे चारला पाचटाच्या धुरात बघणं वेगळं. त्यानंतर तो माणूस मीटिंगला "मुलं शाळेत टिकत का नाहीत" असं विचारत नाही, नेमकं विचारतो.

बाकी फाईल साधी दे. घटना, अनुसूची एक, तीन वर्षांची ऑडिटं, मागचं इतिवृत्त असेल ते, आणि वर्षाच्या तारखा, म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत पुढच्या वर्षाचं बजेट, ३० सप्टेंबरपर्यंत ऑडिट, सीएसआर घ्यायचं तर बारा एबीची (संस्थेच्या करमाफीची नोंदणी) मुदत कधी संपते ती, ऐंशी जीची (देणगीदाराला करसवलत मिळते ती) ती. तुमच्या सीएला अर्धा दिवस बोलवा आणि ताळेबंद मराठीत समजावून सांगायला लावा, "याचा अर्थ काय" असं कोणीही कितीही वेळा विचारलं तरी चालेल असं आधीच जाहीर करून. आणि ६० लहान मुलं रात्री तुमच्या छपराखाली झोपतात, त्यामुळे पॉक्सो कायदा, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा, २०१२ चा, प्रत्येक ट्रस्टीला माहीत हवाच. काही घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेची बदनामी होईल म्हणून आतल्या आत मिटवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. हे जुन्या ट्रस्टींना पण बसवून सांग, त्यांनाच जास्त सांगावं लागेल.

यंदाचं एवढंच कर. सप्टेंबरच्या सभेत एकच नाव, सिस्टरांचं. त्यांचं वर्षभराचं काम झालेलंच आहे, त्यामुळे नियम मोडत नाही. संमतीपत्र, आधार, पॅन घेऊन ठेव, ठरावात सूचक-अनुमोदक नीट लिही, आणि मृत्यू, राजीनामा, नवी निवड यांचे चेंज रिपोर्ट वकिलाकडून तपासून टाक. बाकी रिकाम्या जागा रिकाम्या राहू देत, कोरम भरतोय एवढं बघ म्हणजे झालं. सिस्टरांना विचारायला मात्र गुरुवारी जाऊ नको, त्या दिवशी त्या कामात असतात आणि नाही म्हणतील. घरी जा, त्या चहा करतील, तेव्हा विचार.

आणि अनुसूची हातात आली की फोटो पाठव मला, कोणाकोणाची नावं निघतात बघूच. सरांना नमस्कार सांग.